टाचणीवरचं निवेदन

टाचणी दिसली की दफ्तरीमामांचं डोकं फिरायचं. नाशिकच्या आमच्या सरकारी कचेरीत फायली शिवणं, लावणं आणि मागितली की नेमकी काढून देणं हे त्यांचं काम. खिशात पेनाऐवजी दाभण. "टाचलेला कागद पाहुणा हाय ताई, शिवलेला घरचा," म्हणायचे आणि माझ्या टाचण्या उपटून दोरा ओवायचे.

मी तेव्हा पस्तिशीची कारकून. टायपिंग भराभर येतं म्हणजे मंत्रालय आपणच चालवतो, असा तोरा. पर्सला मॅचिंग चपला. मामा मला अडाणी वाटत. अडाणी कोण होतं, ते आज नातींना हसत सांगते. हसू मात्र गोष्ट संपेपर्यंत पुरत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नवी वेतनश्रेणी आली आणि तिनं दफ्तरी नि शिपाई एकाच ओळीत बसवले. मामांची जुनी बढती एका शासन निर्णयानं पुसली. "माझं काम शिपायाचं? मग फाईल शोधायलाबी त्यालाच सांगा की!" ते आठवडाभर धुमसत होते. निवृत्ती तोंडावर आलेली. पेन्शनही त्याच श्रेणीवर ठरणार. तेवढ्यात कळलं, अशा तक्रारी ऐकायला आमदारांची समिती येतेय. मामांनी सांगितलं, मी निवेदन टाइप केलं. "शिवायला माझ्याकडं द्या बरं," ते म्हणाले. मला शिंप्याकडून ब्लाउज आणायचा होता. समितीला गुच्छ मी देणार होते ना! निवेदन समितीच्या फाईलला लावलं, टाचणी खुपसली आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे ठेवण्याआधी साहेबांनी फाईल चाळली. आपल्या कचेरीत कुणी नाराज आहे, हे त्यांना समितीला दिसू द्यायचं नव्हतं. टाचणी निघाली, कागद ड्रॉवरमध्ये गेला. मी पाहिलं.

"खालच्या कर्मचाऱ्यांचं काही म्हणणं?" एका आमदारांनी द्राक्षं खाता खाता विचारलं.

"सगळे समाधानी आहेत, सर," साहेब म्हणाले.

उघड्या दाराबाहेर मामा इस्त्रीच्या कपड्यांत, नाव पुकारण्याची वाट बघत उभे. आणि मी, हातात द्राक्षांची बशी, अंगात नवा ब्लाउज, तोंडाला कुलूप! अर्ध्या तासात समिती वणीला दर्शनाला निघाली. देवीपुढे हात जोडायला वेळ होता, दाराशी उभ्या माणसाकडे बघायला नव्हता. यालाच कागदोपत्री देखरेख म्हणतात.

मामा शिपायाच्या श्रेणीतच निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांचं सेवापुस्तक माझ्या टेबलावर आलं. निवृत्तीचा आदेश जोडायला मी सवयीनं टाचणी उचलली.

"थांबा." मामांनी दाभण काढलं, आदेश स्वतःच शिवला, दोरा दातानं तोडला. मग टाचण्यांची डबी माझ्यापुढे सरकवली.

"ही ऱ्हाऊ द्या ताई. साहेबांना लागंल."