ठिगळ

शाळेत चित्रकला शिकवत असूनही तीन वर्षं माझ्या हातून स्वतःचं एकही चित्र झालं नव्हतं. शेवटी फळीवर कापड, कागद, हळद चिकटवून काहीतरी करावं म्हणून हिंगोलीच्या बाजारात पोती शिवणाऱ्या बाईकडे फाटकं पोतं मागितलं. तिनं ठिगळ लावून दिलं.

"अहो बाई, फाटकंच पाहिजे!"

दुसरं दिलं, तेही शिवूनच. तिसऱ्या खेपेला मी ओरडलोच.

दाभणात सुतळी ओवत ती म्हणाली, "काहून वरडून राहिले सर? फाटकं माझ्या हातून जात न्हाई."

चरफडत घरी आलो. ठिगळ उसवायला बसलो, ते उसवेना. वैतागून तसंच चिकटवलं.

आता चित्र बघणारा जो तो त्या टाक्यांपाशीच थांबतो. आणि खाली सही माझी!