उतरतं पाणी

नाशकात वाढलेल्या माणसाला पाण्याचा एक फाजील गर्व असतो. आम्हाला पोहायला कोणी शिकवत नाही. मळ्यातल्या विहिरीत ढकलून देतात आणि वर काठावर हसत उभे राहतात. गोदावरीचा पूर आम्ही पात्रातल्या दुतोंड्या मारुतीवरून मोजतो. पाणी मूर्तीच्या गळ्याशी आलं की लांब राहायचं, पायाशी उतरलं की बिनधास्त जायचं. उतरतं पाणी म्हणजे निवांत पाणी, हे धाकट्या भावाला मीच शिकवलं होतं. नदीपुरतं ते बरोबरही होतं.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, अंबडच्या कंपनीतून मला चार दिवस रजा मिळाली आणि आम्ही दोघे कोकणातल्या एका लहान गावी गेलो. हौस सगळी त्याची. त्याला गड चढायचा होता, समुद्रात पोहायचं होतं आणि दिसेल त्या पडक्या भिंतीचा इतिहास हवा होता. ज्यांच्या घरी उतरलो ते काका सत्तरीचे. सकाळी तेच आम्हाला गडावर घेऊन गेले. ते पुढे, आम्ही दोघे घोडे धापा टाकत मागे. त्यांनी गंजलेली तोफ दाखवली, दारूकोठार दाखवलं, गलबतं कुठे नांगरत तेही दाखवलं. भाऊ बुरुजावर फोटो काढत फिरत होता. काका माझ्याशेजारी बसले.

"पोहायचं तर उद्या सकाळी, भरती लागल्यावर," ते म्हणाले. "आज दुपारी ओहोटी. अजिबात उतरू नका. दर्या बाहेर खेचतो."

मी हो म्हणालो. मनात म्हटलं, आम्हाला पाणी शिकवतात!

दुपारी पाणी खरंच लांब गेलं होतं. नुसती ओली वाळू आणि हातभर लाटा. भावाने शर्ट काढून माझ्या अंगावर फेकला. "दादा, उतरू का?"

मी मोबाइलमध्ये बघत होतो. "जा की," म्हणालो. "पाणी उतरतंच आहे."

तो चांगला पोहायचा. थोड्या वेळाने मी मान वर केली, तर त्याचं डोकं फार लांब दिसलं. तो हात हलवत होता. मीही हसून हात हलवला. मग हात दिसेना. दुसऱ्या दिवशी तो खाडीच्या तोंडाशी सापडला. होडी घेऊन काकाच गेले होते.

घरी आईने एकच विचारलं. "तिथल्या एकाही माणसानं सांगितलं नाय का रे, पाणी खेचतं म्हणून?"

"नाही," मी म्हणालो.

तेव्हापासून आई त्या गावाला शिव्या देऊ लागली. पालेभाजीच्या जुड्या बांधताना, पाहुण्यांसमोर, जेवताना. मी समोर बसून ऐकायचो. मला स्वतःची किळस यायची, तरी तोंड उघडायची हिंमत झाली नाही. वर्षश्राद्ध झालं आणि ती हटून बसली, मला ती जागा दाखव. न्यावंच लागलं.

काका अंगणात आमसुलं वाळत घालत होते. त्यांनी पाणी पुढे केलं, आईने तांब्याला हातही लावला नाही.

"माझं पोरगं तुमच्या घरी उतरलं व्हतं," ती म्हणाली. "एका शब्दानं सांगितलं असतं, तर काय बिघडलं असतं तुमचं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो.

"चुकलं बाय माझं," ते म्हणाले. "सांगायला हवं होतं."

आई तिथेच ओट्यावर बसली आणि वर्षभरात रडली नव्हती तेवढी रडली. काकांनी पुन्हा तांब्या पुढे केला. या वेळी ती पाणी प्यायली.

परतताना कसाऱ्याचा घाट चढत होतो. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कबूल तरी केलं त्या माणसानं."

मी गाडी चालवत होतो. नाशकात शिरल्यावर द्वारकेचा सिग्नल लाल लागला, मी गाडी थांबवली. तिला मी अजून सांगितलेलं नाही.