मिठागरातल्या बाईचा चेहरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको होती तोवर तिला नाही, आणि मुलीलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल कदाचित.

पण मी केलेली बाई तुम्ही पाहिली असेल. मिठागरातली बाई — भुताच्या पिक्चरमधली. तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली, एक डोळा कधीच न मिटणारा, आणि माणसाकडे बघता बघता पदराने ओठाचा कोपरा दोनदा टिपणारी. त्या पिक्चरचा हिरो कोण होता, आठवतं? मलाही आठवत नाही. भुताच्या पिक्चरमधलं भूतच तेवढं मागे उरतं.

तिचा मुखवटा मी केला. मी पेणचा, गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा. पिक्चरवाले धरमतरच्या बाजूला मिठागरांत शूटिंग करायला आले, तेव्हा त्यांना मुखवटे करणारा माणूस हवा होता. त्यांनी आणलेलं भूत नेहमीचंच होतं — सुळे, लाल डोळे, मोकळे केस. दिग्दर्शक वैतागला होता. लोक घरी गेल्यावरही डोळ्यांपुढून हलणार नाही असं काहीतरी दे, म्हणाला. आणि माझ्याकडे ते होतं.

कुठून होतं — तेच सांगायचंय.

त्याच्या आधी दोन वर्षं मी धाटावला एका कंपनीत होतो. रोह्याला सुमनकाकीकडे मागची खोली भाड्याने घेतली होती. काकी एकटी राहायची. नवरा गेलेला, मूल नाही. ऐन तिशीत तिच्या तोंडावरून वारं गेलं होतं, चेहऱ्याची उजवी बाजू पडली ती कायमची. लग्नाकार्यात ती मागे, बायकांच्या घोळक्याआड बसायची. फोटोत कधीच नसायची.

पहिली शिफ्ट करून मी तीन वाजता यायचो, तर माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं. भाड्यात जेवण धरलेलं नव्हतं. तरी रोज असायचं — तांदळाची भाकरी, जवळ्याचं सुकं. मी जेवायचो आणि ती समोर बसून बशीतून चहा प्यायची. चहा उजव्या कोपऱ्यातून ओघळायचा. ती पटकन पदराने टिपायची, दोनदा, आणि मान जराशी वळवायची. दुसऱ्या कुणासमोर ती चहा प्यायची नाही. हे मला तेव्हाच कळलं होतं — कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

एका दुपारी शिफ्ट लवकर सुटली. आलो तर काकी ओटीवर झोपलेली, आणि उजवा डोळा सताड उघडा. मी दारातच थबकलो. तिला चाहूल लागली. उठून बसली आणि हसली — तिचं अर्धं हसू.

"घाबरू नको रे," म्हणाली, "मी झोपलेय. तो डोळा तेवढा जागा हाय."

मी ते सगळं पिक्चरवाल्यांना दिलं. डोळा दिला, ओघळलेला ओठ दिला, पदर दिला. नटीला समोर बसवून मी स्वतः टिपून दाखवलं — दोनदा, मग मान वळवायची. दिग्दर्शक खूश झाला. आणि मग कुणी मागितलंही नव्हतं, तर मी काकीचं ते वाक्य दिलं. त्यांनी ते पोस्टरवर छापलं. "मी झोपलेय. डोळा तेवढा जागा आहे."

पिक्चर थिएटरात आठवडाभरही टिकला नाही. वाटलं, संपलं. मग घरोघरी मोबाइल आले आणि ती बाई परत आली. तिची स्टिकरं झाली. शिमग्याला पोरं तिचं सोंग घ्यायला लागली. वडखळच्या नाक्यावर चहा पिताना मी कॉलेजच्या पोरींना पदर नसताना ओढणीने तसं टिपून खिदळताना पाहिलं. आणि — हेही सांगायला हवं — मला अभिमान वाटला.

एके वर्षी शिमग्यानंतर काकीचा फोन आला. एकदा येऊन जा, एवढंच म्हणाली. गेलो. तिने चहा केला, दोघांना. शिमग्याला दारात सोंग आलं होतं, तिने सांगितलं. पोरं तिला बघून आधी गप्प झाली, मग हसत सुटली. तेव्हापासून गल्लीतून जाता-येता हाक मारतात — मिठागरातली बाई. तिने मग भाचीच्या मोबाइलवर पिक्चर बघितला. पूर्ण बघितला.

ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "ते डोळ्याचं बोलणं मी एकदाच बोलले होते. तुझ्यापाशी. तू सांगितलंस का त्यांना?"

एवढं सरळ विचारलं. हो म्हणायला काय लागलं असतं? शिव्या दिल्या असत्या, कदाचित त्याही दिल्या नसत्या.

"नाय गो काकी," मी म्हणालो. "मुंबईचा लेखक होता. त्यानेच सगळं लिहून आणलं होतं. मी फक्त रंग लावला."

"व्हय का," ती म्हणाली.

मग तिने बशी उचलली आणि चहा प्यायला. चहा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळला, हनुवटीवर आला, लुगड्यावर पडला. तिने टिपला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती तशीच बसली. तिला कळलं होतं. आणि तिला कळलंय हे मला कळलं होतं. मी माझा चहा संपवला, बरंय येतो म्हणालो, आणि गाडी पकडली.

त्यानंतर मी गेलो नाही. भाची मधूनमधून कळवायची — काकी बाहेर पडत नाही, दुकानातून काय हवं ते शेजारीण आणते, चहा सोडलाय. मी हं हं करायचो. मोबाइलवर मुलाखत घेणारे एकदा कारखान्यात आले. ही बाई तुम्हाला सुचली कशी, त्यांनी विचारलं. काकी तेव्हा जिवंत होती. मी सांगितलं, कल्पनेतून.

मागच्या श्रावणात काकी गेली. भाचीने सकाळीच फोन केला, न्यायला दुपारपर्यंत थांबतो आम्ही, म्हणाली. सीझन आहे, मूर्ती अर्धवट पडल्यात, मी म्हणालो. आखणीची कामं माझा पुतण्या करतो आता. त्या दिवशी मी कारखान्यात नुसता बसून होतो, दुपार टळेपर्यंत.

पेणहून रोह्याला जायला तासभर लागतो.