पल्याडच्यांचा फलक

पेंटर तोंडाचा फटकळ होता, हे आधीच सांगितलेलं बरं. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या वेळा, भिंतीवरचं ‘येथे थुंकू नये’, सगळं गावभर त्याच्याच हातचं. गिऱ्हाईक मागे उभं राहून सूचना द्यायला लागलं, की तो सरळ ब्रश त्याच्या हातात ठेवायचा. “घ्या, तुम्हीच काढा. मी चहा पिऊन येतो.” पण अक्षर असं, की शिव्या खाऊन गेलेली माणसं पुढच्या पाटीसाठी पुन्हा त्याचंच दार ठोठावायची.

वर्षातून एक दिवस मात्र तो तोंडातून चकार शब्द काढत नसे. शाळेच्या सभागृहात, समोरच्या भिंतीवर, पुरुषभर उंचीचा काळपट लाकडी फलक होता. शाळेत जो मुलगा किंवा मुलगी शेवटच्या परीक्षेत पहिली येईल तिचं नाव त्यावर लागायचं, दर वर्षी एकच ओळ. पेंटर फलक ओल्या फडक्याने पुसायचा, खडू फासलेली दोरी ताणून सटकन सोडायचा, उमटलेल्या रेषेवर खडूने नाव आखायचा, लांब जाऊन एक डोळा मिटून बघायचा, आणि मग सोनेरी रंग उघडायचा. तेहतीस वर्षं त्याने हे केलं. वकिलाचा मुलगा, ठेकेदाराची मुलगी, पोस्टमास्तरांची तीन मुलं लागोपाठ. त्या तेहतीस ओळींत पल्याडच्यांचं एकही नाव नव्हतं.

पल्याडचे म्हणजे दोन पिढ्यांपूर्वी नदी ओलांडून आलेले लोक. आता त्यांचे कपडे, घरं, बोलणं, सगळं गावासारखंच. तरी ओळख करून देताना गावकरी आवाज खाली आणून सांगायचे, “ते पल्याडचे, बरं का.” जसा काही घरात कुणाला आजार आहे. पेंटर पल्याडचाच.

त्याला एकच मुलगी. लहानपणी गोलमटोल होती आणि कुणाच्या हातात ठरायची नाही, म्हणून गोटी. पेंटरच्या दुकानात रंगाचा डबा उपडा घालून त्यावर ती अभ्यास करायची. टर्पेंटाइनच्या वासात तिची सगळी गणितं सुटली. बाप पाटी रंगवता रंगवता विचारायचा, “काय गं, किती झालं?” आणि ती वर न बघता सांगायची, “बोलू नका, हातचा विसरेन.” बापाचं तोंड गप्प करणारी गावात ती एकटीच.

आता त्या अर्जाचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथूनच झाला.

शाळेला नव्या मुख्याध्यापिका आल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. बाई मनाने वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, माणसाला भांडता तरी येतं. वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी पल्याडच्या पालकांना बोलावलं, खुर्च्यांवर बसवलं आणि म्हणाल्या, “या फलकावर तुमच्या मुलांचं एकही नाव नाही, याची मला लाज वाटते. शाळेने तुमच्याकडे कधी बघितलंच नाही. आता बघणार. तुमचा वारसा लपवू नका, शाळेच्या अर्जात अभिमानाने लिहा.” त्यांचे डोळे भरून आले होते. पेंटरला वाटलं, अरे, कुणीतरी बोललं एकदाचं! त्याने स्वतः तेहतीस वेळा ते रिकामपण पुसलं होतं, खडू मारला होता, त्याच्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार?

घरी बायको म्हणाली, “कशाला लिहायचं? आजवर लिहिलं नाही, तर काही अडलं का?”

“चोरी केलीय का आपण? लपवायचं काय त्यात?” पेंटर म्हणाला, आणि अर्जावरच्या ‘वारसा’ या रकान्यात त्याने ‘पल्याडचे’ असं लिहिलं. साधं नाही लिहिलं. बारीक ब्रश काढून, काळ्या शाईत, जाड-बारीक वळणं देऊन, एखाद्या पेढीची पाटी असावी तसं लिहिलं. शाळेतल्या कारकुनाने तो अर्ज सगळ्यांना दाखवला म्हणे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

वर्ष सरलं, निकाल लागला. चारशे बारा मुलांत गोटी पहिली. दुसरी आलेली औषधवाल्याची मुलगी तिच्यापेक्षा नऊ गुणांनी मागे. पेंटर दुकान उघडं टाकून शाळेकडे पळाला. शाळेचं पत्र येईपर्यंत त्याने कधी फलकाला हात लावला नव्हता, पण त्या दिवशी कसला धीर! शिपायाकडून सभागृह उघडून घेतलं, शिडीवर चढला, दोरी मारली आणि चौतिसाव्या ओळीवर पोरीचं नाव खडूने आखून मोकळा झाला. खाली उतरला, लांब गेला, एक डोळा मिटला. मग दुसराही मिटावा लागला. हातात खडू असलेल्या माणसाने डोळे पुसू नयेत, भुवया पांढऱ्या होतात. तसाच तो घरी आला आणि बायको हसून हसून बेजार झाली.

तिसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी त्याला खोलीत बोलावलं. चहा मागवला. पेंटर बसला, आणि बाईंनी आनंदाने सांगितलं, “तुमच्या मुलीचं नाव नव्या फलकावर पहिलं लागणार. वारसा सन्मान! खास पल्याडच्या मुलांसाठी वेगळा फलक करून घेतलाय. तुम्हीच रंगवायचा.”

“लावा की,” पेंटर म्हणाला. “आणि मोठ्या फलकावरचं मी आखून ठेवलंय. आज रंग भरतो.”

बाईंनी कपातला चमचा उगाच फिरवला. “ते पुसावं लागेल, काका. एका विद्यार्थ्याला एकच सन्मान, असा नियम केलाय. म्हणजे जास्त मुलांना आनंद मिळतो. मोठ्या फलकावर औषधवाल्यांची मुलगी येईल.”

पेंटरला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो हळू आवाजात बोलला, आणि त्याला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे, तो हळू बोलला की समजावं.

“बाई, शाळेत पल्याडची मुलं किती?”

“अकरा.”

“चारशे बाराजणांत पहिली आली ती. तुम्ही लिहिणार, अकराजणांत पहिली.”

“असं बघू नका हो. हा त्याहून मोठा मान आहे.”

“मोठा आहे? मग औषधवाल्याच्या मुलीला द्या.”

बाई दुखावल्या. खरंच दुखावल्या, नाटक नव्हतं ते. म्हणाल्या, “मी तुमच्यासाठीच धडपडतेय ना?”

“मग तिचं नाव त्या पल्याडच्यांच्या यादीतून काढा. अर्ज फाडा माझा.”

“फाडते,” बाई म्हणाल्या. “पण उरलेल्या दहा मुलांना काय सांगू? पहिलं यायचं असेल तर आधी पल्याडचे आहात हे खोडून या, असं?”

बाईंचं चूक होतं, हे पेंटरला आतून कळत होतं, पण कुठे चूक होतं ते त्याला बोटाने दाखवता येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. चहा तसाच टाकून तो उठला.

घरी मेहुणा आला होता. बस चालवायचा, आणि सगळ्या प्रश्नांवर त्याच्याकडे रस्ता तयार असायचा. “दाजी, पदरात पडतंय ते घ्या. आपल्याला कोण विचारत होतं आजवर? आता स्वतंत्र फलक मिळतोय, तर तुमचं तोंड वाकडं! माझ्या पोरांची नावं लागतील उद्या त्यावर.”

“तुझी पोरं पास तरी होऊ देत आधी,” पेंटर म्हणाला.

“तेच तर सांगतोय! मोठ्या फलकावर माझ्या पोरांचं नाव जन्मात लागणार नाही. यावर लागेल.” मेहुण्याला यात चूक काहीच दिसत नव्हती. उलट तो खुशीत होता.

गोटी कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. रडली नाही. एवढंच विचारलं, “बाबा, ती दुसरी आली होती. आता ती पहिली. मग मी कितवी?”

पेंटरने बायकोकडे बघितलं. बायको भांडी आवरायला उठली. जाता जाता म्हणाली, “तरी मी सांगत होते, लिहू नका.” यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर पेंटरला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने फडकं ओलं करून पोरीचं नाव पुसलं. खडूच तो, एका हातासरशी गेला. मग दोरी मारून औषधवाल्याच्या मुलीचं नाव लिहिलं. वाकडं लिहावं असं मनात आलं होतं, पण हात ऐकेना. तेहतीस वर्षांची सवय, मेली! नाव देखणं उतरलं. तो रंग भरत असताना ती मुलगीच दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “काका, हे माझं नाहीये. मी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, मिळतंय ते सोडू नये.”

“बरोबर आहे त्यांचं,” पेंटर म्हणाला. “बाजूला हो, रंग सांडेल.” ती गेली. तिच्यावर तरी काय रागवायचं?

नवा फलक बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या नळाकडे जाणाऱ्या दाराशेजारी लावला होता. मोठ्या फलकाच्या निम्मा. पेंटर तो रंगवत असताना मोठ्या बाई आल्या आणि म्हणाल्या, “काका, वर मोकळी जागा ठेवलीय बघा. तिथे तुमच्या बोलीतलं एखादं वाक्य हवं. वाडवडिलांचं, घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत.”

आता घ्या! पेंटरला स्वतःची बोली येत होती कुठे? घरात ती बोलणारी शेवटची बाई म्हणजे त्याची आई, ती जाऊनही दहा वर्षं झाली. तिनेच पोराला ती शिकू दिली नव्हती. गाणी नाहीत, गोष्टी नाहीत. तो शिडीवर तासभर नुसता बसून राहिला. आठवून आठवून एकच वाक्य सापडलं, पण ते असं पक्कं, की आईच्या आवाजासकट सापडलं. त्याच्या आयुष्यात ते त्याने हजार वेळा ऐकलं असेल. गोटीनेही ऐकलं होतं, अगदी लहानपणी. बोलीला स्वतःची लिपी नव्हती, म्हणून त्याने ते गावाच्याच अक्षरांत लिहिलं. आठ शब्द. दुपारभर खपून, सोनेरी रंगात, काळ्या सावलीसकट. बाई येऊन बघून गेल्या. “अप्रतिम! ऐकायला किती गोड वाटतं,” म्हणाल्या. अर्थ त्यांनी विचारला नाही. पेंटरनेही सांगितला नाही.

समारंभाला सभागृह खचाखच भरलं. औषधवाल्याच्या मुलीला मोठ्या फलकाखाली उभं करून टाळ्या झाल्या. मग गोटीला बाजूच्या फलकाकडे नेलं. लोकांना खुर्च्या वळवून बसावं लागलं, त्यात बराच वेळ गेला. मेहुणा पहिल्या रांगेत फोटो काढत होता. पेंटर मागे भिंतीला टेकून उभा, आणि बायको त्याच्याशेजारी, पदर तोंडाला लावून.

पाहुणे एक निवृत्त साहेब होते, हौशी गृहस्थ. त्यांनी फलकावरचा पडदा ओढला, वरचं वाक्य अडखळत मोठ्याने वाचलं आणि गोटीसमोर ध्वनिक्षेपक धरला. “वा! तुमच्या पूर्वजांचे बोल! याचा अर्थ आम्हा सगळ्यांना सांग बरं, बाळ.”

हे पेंटरच्या ध्यानातच आलं नव्हतं. राग त्याचा होता, आणि तोंड पोरीला द्यावं लागणार होतं. काहीतरी गोडगोड सांगून सूट गं बाई, असं तो मनातल्या मनात म्हणाला. गोटीने वर बघितलं, वाक्य एकदा वाचलं. मग मागे बापाकडे बघितलं.

“हे माझी आजी मला रोज सकाळी शाळेत पाठवताना दारात सांगायची,” ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. “अर्थ असा, की आपण कोण ते तिथे सांगू नकोस. कळलं, तर वेगळं बसवतील.”

पाहुण्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मागच्या रांगेत कुणाला ऐकू गेलं नव्हतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनाही शेजाऱ्यांनी सांगितलं आणि त्या थांबल्या. गोटीने प्रमाणपत्र घेतलं, मान लववली आणि मुलांत जाऊन बसली.

लोक पांगल्यावर मोठ्या बाई पेंटरजवळ आल्या. चेहरा उतरला होता, डोळे लाल झाले होते. त्या एवढंच म्हणाल्या, “उद्या सकाळी टर्पेंटाइन घेऊन या, काका. ते पुसायला हवं.”

“येतो की,” पेंटर म्हणाला. “कुठला फलक पुसायचा, तेवढं सांगा.”