वीसपैकी सहा

१० मार्च १९५६, शनिवार. नववी 'ब'च्या निबंधाच्या एक्केचाळीस वह्या तपासायच्या होत्या.

शनिवारी शाळा सकाळची असे. वह्यांचं गाठोडं मी परळहून प्रभादेवीला घरी आणलं, जेवण उरकलं, खाटेवर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि लाल शाईची दौत उघडली. विषय मीच दिला होता: 'गेल्या दोन महिन्यांत मी पाहिलेला एक प्रसंग'. त्या दोन महिन्यांत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली, मोर्चे निघाले, गोळीबार झाला, संचारबंदी लागली, शाळा बंद राहिल्या. आमची शाळा गिरणगावाच्या मधोमध. मुलींनी गॅलरीतून, जिन्यातून, नळावरच्या रांगेतून सगळं पाहिलेलं. मला वाटलं, ह्या खेपेला तरी वाचताना जांभई येणार नाही.

पहिल्या वहीतलं पहिलं वाक्य होतं, 'मुंबापुरीच्या रस्त्यांवर रक्ताचे सडे पडले आणि मराठी मनाचा ज्वालामुखी उसळला.' बरं. दुसऱ्या वहीत हेच. सहाव्या वहीत ज्वालामुखीच्या जागी वणवा. दहाव्या वहीनंतर मी दौतीला बूच लावलं आणि चहा टाकला.

वाक्यं कुठून आली होती ते ओळखायला कष्ट पडले नाहीत. मैदानात सभा होत होत्या, चाळींच्या चौकांत लाउडस्पीकर लागत होते. मुलींनी ती भाषणं कानांनी उचलली आणि वहीत उतरवली. शुद्धलेखन चांगलं होतं, अक्षर वळणदार होतं. फक्त त्या दहा जणींपैकी एकीनेही काही पाहिलेलं दिसत नव्हतं.

चहा पिताना स्वतःची झडती घ्यावी लागली. अकरा वर्षं मी काय केलं होतं? नमुन्याचा निबंध सांगायचा, मुलींनी तो उतरवायचा, पाठ करायचा आणि परीक्षेत जसाच्या तसा लिहायचा. जिचा जास्त जसाच्या तसा, तिला जास्त मार्क. मुलींचं काही चुकलं नव्हतं. सांगणारा तेवढा बदलला होता. आणि हेही लिहून ठेवते की चळवळीशी माझं काही वाकडं नव्हतं. दादरच्या बायकांच्या मोर्चात मीही चालले होते आणि घसा बसेपर्यंत ओरडले होते.

वह्या पुन्हा पहिल्यापासून घेतल्या. प्रत्येक वाक्यापुढे समासात एक अक्षर घालायचं ठरवलं. स्वतः पाहिलेलं असेल तर 'पा', कुणाकडून ऐकलेलं असेल तर 'ऐ', घोकलेलं असेल तर 'घो'. 'पा'ला पूर्ण गुण, 'ऐ'ला अर्धा, 'घो'ला काही नाही. अक्षर आणि शुद्धलेखनाचे वेगळे सहा. रविवार संध्याकाळपर्यंत वह्या संपल्या.

वर्गात सर्वांत चांगलं लिहिणारी म्हणून जिचं नाव होतं, त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीचे वडील जवळच्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. तिने दोन पानं लिहिली होती. 'माझे वडील छातीचा कोट करून गोळ्यांच्या वर्षावात उभे राहिले', असं एक वाक्य होतं आणि त्याच्या मागेपुढे सगळा ज्वालामुखीच. दोन पानांत एकही 'पा' नाही, एकही 'ऐ' नाही. अक्षर आणि शुद्धलेखनाचे सहा पूर्ण. मी सहा दिले. हिला कधी चौदाच्या खाली दिलेले नव्हते. लिहिताना हात थांबला होता, पण नियम एक्केचाळीस वह्यांना एकच होता.

सोमवारी वह्या वाटल्या आणि तीन अक्षरांचा अर्थ सांगितला. गलका झाला.

"बाई, माझ्या वहीत नुसते घोघोघो! धबधबा झालाय!"

"बाई, हिला एक पा मिळालाय. दाखव गं."

एक पा मिळवणाऱ्या मुलीने लिहिलं होतं की संचारबंदीत त्यांच्या मजल्यावरच्या बायका एकाच शेगडीवर पाळीपाळीने भाकऱ्या भाजत होत्या, कारण कोळसा एकाच घरी शिल्लक होता. ते वाक्य मी फळ्यावर लिहिलं. मग शेजारणी-शेजारणींनी वह्या बदलून एकमेकींच्या वाक्यांना अक्षरं घालायची, असं सांगितलं. मुलींना ते फार आवडलं. शेजारणीवर त्या माझ्याहून कडक होत्या.

इथपर्यंत ठीक होतं. मग मी एक चूक केली. 'घो' कसा ओळखायचा हे दाखवायला तिसऱ्या बाकावरच्या मुलीची वही उचलली आणि नाव न सांगता मोठ्याने वाचली. नाव सांगायची गरजच नव्हती. वही कुठून उचलली ते सगळ्यांनी पाहिलं होतं. छातीच्या कोटापाशी मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, कुठल्या शिंप्याकडनं शिवला?" वर्ग फुटला. ती मुलगी बाकाकडे बघत बसली. मला ते दिसलं, तरी मी वाक्य पूर्ण केलं.

मंगळवारी दुपारी पावणेपाच वाजता मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं. त्यांच्या समोरच्या खुर्चीत त्या मुलीचे वडील बसले होते. पहिली पाळी सुटल्यावर घरी जाऊन, धुतलेला सदरा घालून आले होते. वही मांडीवर होती.

"बाई, एक सरळ विचारतंय," ते मालवणीत म्हणाले, "तुम्ही आमच्या बाजूच्या की त्यांच्या?"

"मी मोर्चात होते," मी म्हटलं.

"मग ह्या सहा कित्याक? ही वही मी चाळीत सगळ्यांका दाखवणार होतंय. येत्या रविवारी आमच्या चौकात सभा आसा, थंय पोरीन वाचूचा ठरला होता. आता शेजारी विचारतत, शाळेतली बाई काय त्या दिल्लीवाल्यांची काय?"

मुख्याध्यापकांनी त्यांना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं आणि दार लोटलं.

"सहाचे सोळा करा, विषय संपवा. हे दिवस कसे आहेत ते तुम्हाला मी सांगायचं का? शाळेच्या काचा तुम्ही भरून देणार आहात?"

"एकीचे बदलले तर चाळीस जणींचे बदलावे लागतील."

"बदला की. पेनात शाई नाही?"

"शाई आहे, सर. पण मग मुली मला पुन्हा कशाला काही खरं लिहून देतील?"

त्यांनी शांतपणे सांगितलं, "उद्या शाळा भरण्यापूर्वी गुणांचं रजिस्टर माझ्या टेबलावर हवं. सहा तसेच असतील आणि ह्या गृहस्थांची तक्रारही तशीच असेल, तर निबंधाचा तास मी दुसऱ्या कुणाला देईन. व्याकरण शिकवा तुम्ही. त्यात कुणाचे वडील येत नाहीत."

व्याकरण मला येत होतं. पण निबंधाचा तास सोडायचा नव्हता, आणि सहाही सोडायचे नव्हते.

मी वडिलांना वर्गात नेलं. पाच वाजून गेले होते, मुली गेल्या होत्या. ती मुलगी तेवढी जिन्यात थांबली होती; तिलाही आत घेतलं. वडील तिसऱ्या बाकावर कसेबसे मावले. मी त्यांना तीन अक्षरांचा अर्थ सांगितला आणि हातात पेन्सिल दिली.

"मी काही बोलत नाही. तुम्ही त्या दिवशी तिथं होतात, मी नव्हते. माझी लाल अक्षरं सोडा, एकेक वाक्य वाचा आणि तुम्हीच अक्षर घाला."

ते चौथीपर्यंत शिकलेले. शब्दाखाली बोट ठेवून वाचत होते. रक्ताच्या सड्यांपाशी थांबले, डोकं हलवलं, पुढे गेले. वर्षावापाशी पुन्हा थांबले.

"वर्षाव नाय. तीन-चार बार झाले. मोजूक कोण थांबलो?"

"मग अक्षर कुठलं?"

त्यांनी 'घो' घातला. नंतर छातीचा कोट आला. तिथं बोट बराच वेळ राहिलं.

"बाबा, तुम्हीच तसं सांगितलंत," मुलगी भिंतीपाशी उभी राहून म्हणाली. "गॅलरीत, सगळ्यांसमोर."

"गॅलरीत सांगूचा वेगळा आसता गो."

"तू काय पाहिलंस?" मी तिला विचारलं.

ती वडिलांकडे बघत म्हणाली, "तुम्ही आलात तेव्हा पायात एकच चप्पल होती. मोरीत जाऊन बसलात. तांब्या हातात राहीना, म्हणून आईने धरला. तुम्ही दोन तांबे पाणी प्यायलात आणि मला म्हणालात, दार लाव."

वडिलांनी पेन्सिल बाकावर ठेवली. "ह्या लिवचा? बापाची अब्रू वहीत?"

ह्यात लाज कसली, असं म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं नाही. त्या चाळीत त्यांना राहायचं होतं, मला नव्हतं. गोळीबारातून जिवंत घरी आलेल्या माणसाच्या मुलीला काय लिहायला सांगायचं आणि काय नाही, ह्याचा विचार मी शनिवार-रविवार मिळून एक मिनिटही केला नव्हता. मी अक्षरं घालण्यात गर्क होते.

"आणखी एक तुम्हाला ठाऊक नसेल," मी म्हटलं. "काल मी ही वही वर्गात मोठ्याने वाचली. मुली हसल्या."

त्यांनी मुलीकडे पाहिलं. "हसले?"

तिने मान डोलावली.

"माका कोणी सांगूक नाय." ते उठले. सहा मार्कांसाठी आले तेव्हा त्यांचा आवाज चढा होता. आता तो खाली आला, आणि मला तो चढाच बरा वाटला असता. "सहाचा माका कळला. ह्यात पोरीन बघितलेला कायच नाय, मीच वाचलंय. सहा रवांदे. सरांका जाताना सांगतंय, तक्रार नाय म्हणून. पण वर्गात हसवलात ता चूक, आणि ता वर्गातच सांगूक होया. माझ्याकडे एकट्याकडे सांगून भागाचा नाय."

"उद्या सांगते," मी म्हटलं. "आणि घरातलं कुणी लिहिलं तर त्या घरी विचारल्याशिवाय मी वाचून दाखवणार नाही."

"बघूया," ते म्हणाले आणि मुलीला घेऊन गेले. नमस्कार केला नाही. अपेक्षाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घंटेच्या अर्धा तास आधी शाळेत पोहोचले. रजिस्टरात तिच्या नावापुढे सहा शाईने लिहिले, सही केली आणि रजिस्टर मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी आकडा पाहिला.

"ते गृहस्थ सांगून गेले काल. पण उद्या दुसरं कुणी आलं तर?"

"त्यांनाही पेन्सिल देईन."

वर्गात गेले, हजेरी घेतली. मग उभं राहून सांगितलं की परवा मी एका मुलीची वही तिला न विचारता वाचली, ते चुकलं, आणि त्यावर तुम्ही हसलात त्यालाही मीच कारण. बाईंनी चूक कबूल केल्यावर काय करायचं असतं हे मुलींना माहीत नव्हतं. कुणी खोकलं, कुणी पाटीसारखी वही पुढे धरली. मी वाट पाहिली नाही. फळ्यावर माझा स्वतःचा निबंध लिहिला, विषय तोच. गोळीबाराच्या दिवशी मी घरी होते, दार लावून तांदूळ निवडत होते. सात वाक्यं झाली.

खडू तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिला. ती आधी उठेना. मग उठली, आणि एकदा उठल्यावर घाई केली नाही. चार 'पा' घातले. 'आमच्या हृदयांत आक्रोश दाटला होता' आणि त्याच्या पुढच्या दोन वाक्यांसमोर 'घो' घातला. खडू परत देऊन जागेवर जाऊन बसली.

मी डस्टर घेतलं आणि ती तीन वाक्यं पुसली.