बेरिशच्या अकरा वह्या

बेरिश झाल्कीन अमेरिकेत, ब्रॉन्क्सच्या आमच्या कारखान्यात कोटांना इस्त्री करायचा आणि जेवणाच्या सुट्टीत यिद्दिशमध्ये, आम्हा ज्यूंच्या घरच्या बोलीत, कविता लिहायचा. देवाला शिव्या, मालकाला शिव्या, आणि पोलंडात मारल्या गेलेल्या आईबहिणींसाठी आक्रोश. चाळीस वर्षांत प्रार्थनेसाठी सिनॅगॉगची पायरी चढला नाही. मी शेजारी बसून काजं करायचे, त्यामुळे नवी कविता आधी माझ्या डोक्यावर आदळायची. पण खोटं कशाला बोलू, चांगलं लिहायचा मेला!

घरी मात्र कवितेचं नाव काढायचा नाही. घरात इंग्रजीच हवी, पोर अमेरिकन झाली पाहिजे, हा त्याचाच हट्ट. वह्या कपाटात कुलपाआड.

यिद्दिश वाचणारे एकेक करून मातीत गेले. बेरिश सत्तरीला टेकला तेव्हा मिरियम नावाची कॉलेजातली मुलगी त्याला शोधत आली, कविता इंग्रजीत करते म्हणाली. सोपी म्हणून मालकाच्या कुत्र्यावरची एक करून आणलीसुद्धा. म्हातारा हरखला. आता आपण काय भोगलं ते लेकीला, शर्लीला, मरायच्या आधी कळेल, एवढंच त्याच्या डोक्यात. मी म्हटलं, आजच सांग तिला. नाही म्हणे, अख्खं पुस्तकच हातात ठेवीन. हट्टी तो हट्टी!

आणि त्याच आठवड्यात छातीत कळ येऊन तो इस्पितळात गेला. बापाला आपल्या घरी न्यायचं म्हणून शर्लीनं खोली आवरायला काढली. कुलूप तोडलं तर आत अकरा जुनाट, फाटक्या वह्या, अक्षरं प्रार्थनेच्या पुस्तकातली; यिद्दिशही त्याच अक्षरांत लिहितात. आजोबा रब्बी, म्हणजे धर्मगुरू, होते एवढं तिला ठाऊक. तिला वाटलं, त्यांचंच काही पवित्र लिखाण. आमच्यात देवाचं नाव असलेले फाटके कागद टाकत नाहीत, पुरतात. तिनं ते पोत्यात बांधून सिनॅगॉगमध्ये दिलं, आणि त्यांनी इतर पोत्यांबरोबर कब्रस्तानात पुरलं. पुरलेलं पुन्हा उकरत नाहीत.

बेरिश शर्लीच्या घरी आला त्या दिवशी मी आणि मिरियम तिथंच होतो. मिरियमनं वह्या मागितल्या. शर्लीनं कौतुकानं सगळं सांगितलं. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि बापाच्याही.

"त्या माझ्या कविता होत्या," बेरिश म्हणाला. "एक पान तरी वाचायचंस."

"मला कुठं वाचता येतं, पपा? सात वर्षांची होते तेव्हा शिकवा म्हणून मागे लागले होते. तुम्हीच म्हणालात, काय करायचीय ती भाषा."

मिरियमनं पिशवीतून ते एकुलतं एक पान काढून शर्लीला दिलं. शर्लीनं कुत्र्याची कविता वाचली आणि मनापासून हसली.

"मजेदार आहे, पपा. सगळ्या अशाच होत्या?"

"हो," बेरिश म्हणाला. "अशाच."