छत्तिसावी संक्रांत

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालणाऱ्या मुलीनं बिचारीनं रीतसर विचारलं होतं, "काका, आज संध्याकाळपर्यंत काही काम नाही ना? धूसर दिसेल."

"पेन्शनरांना काम असतं ही बातमी आमच्यापर्यंत अजून पोचलेली नाही," श्यामसुंदर दामले म्हणाले.

तिनं थेंब घातले. अकराची वेळ मिळालेली, नंबर लागला तीनला, आणि खवचटपणाच्या भरात दामल्यांना घड्याळाचं भानच राहिलं नाही. कोथरूडमध्ये असं बोलण्यावाचून चालत नाही, पण त्या दिवशी ते चांगलंच अंगाशी आलं. कारण त्या दिवशी संक्रांत होती.

दामल्यांना चित्रांचं वेड लहानपणापासून. आधी कॅलेंडरच्या पाठीमागे डोंगर काढायचे, मग सरकारी कचेरीत नकाशे काढू लागले, आणि पहिल्या बोनसात कॅमेरा आला. घरामागच्या टेकडीवरून पाहिलं की पश्चिमेच्या डोंगरात एक खाच दिसते. संक्रांतीला सूर्य बरोबर त्या खाचेत उतरतो. डावीकडे बाभूळ, मधोमध खाच, असा तोच एक फोटो त्यांनी पस्तीस वर्षं काढला होता. रोज नकाशे काढणाऱ्या माणसाची रेघ न् रेघ सरळ असते, असा त्यांचा अभिमान. ह्या वर्षी मात्र समोर एका इमारतीचे स्लॅब चढत होते. पुढच्या संक्रांतीला खाच दिसणार नव्हती.

साडेपाचला ते टेकडी चढले, म्हणजे बायकोचा, पद्मजाबाईंचा, हात धरून चढले. बाई नेहमीप्रमाणे स्टँड आणि थर्मास घेऊन होत्या. कॅमेऱ्यावरचे आकडे दामल्यांना दिसेनात, पण बोटांना पाठ होते. तेवढं जमलं. मग त्यांनी डोळा लावला आणि उजेड सुईसारखा आत घुसला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बाभूळ कुठे, खाच कुठे, काही कळेना. पुन्हा डोळा लावायला गेले तेव्हा बाईंनी खांदा धरून मागे ओढलं.

"डोळे जातील तुमचे."

"जाऊ देत. पुन्हा हा सूर्य येणार नाही."

बाई हलल्या नाहीत. दामल्यांना इतकी भीती कधी वाटली नव्हती. आयुष्यभर एकच गोष्ट नेमानं केली आणि तीच आता डोळ्यांसमोर असून दिसत नव्हती. सूर्य खाचेपासून हातभर वर होता.

"तू बघ," ते शेवटी म्हणाले. पस्तीस वर्षांत त्यांनी हे कधी म्हटलं नव्हतं.

बाई वाकल्या. दामल्यांनी बाभूळ विचारली, खाच विचारली, चौकटीत आभाळ किती आलंय ते विचारलं. सगळं जागेवर होतं.

"पण तिरका आहे," बाई म्हणाल्या.

"शक्य नाही."

"दरवर्षी असतो. स्टँडचा एक पाय बोटभर आखूड आहे. मी त्याखाली दगड ठेवते, आणि तुम्ही तो अडचण म्हणून लाथेनं उडवता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही फोटो दाखवायचात. कसा आलाय ते कधी विचारलंत?"

सूर्य थांबणार नव्हता. दामले गुडघ्यांवर बसले, मातीत चाचपडून एक चपटा दगड शोधला आणि आपल्या हातानं त्या पायाखाली सरकवला.

"सूर्य टेकला का खाचेला?"

"टेकतोय."

"दाब."

आज दामल्यांच्या बैठकीत छत्तीस फोटो ओळीनं लावले आहेत. पस्तीस किंचित उजवीकडे कललेले, हे आता येणाऱ्या प्रत्येकाला दिसतं, कारण शेवटचा सरळ आहे. लोकांनी विचारलं की दामले खुर्चीतून उठून सांगतात, "तो एक चांगला आलाय. तो हिनं काढलाय."